प्रकल्प नोंदी : स्लॅब, पत्रा आणि उन्हाळ्यातली तीन मुलं

९ मार्च

आजपासून ही वही. घर दोन खोल्यांचं: पुढची स्लॅबची, मागची पत्र्याची, मध्ये चिंचोळं स्वयंपाकघर. मागच्या खोलीत माझी दोन शिवणयंत्रं. शाळांच्या गणवेशांचं काम मार्चपासून चढत जातं आणि शाळा उघडेपर्यंत थांबत नाही. म्हणजे सोलापूरचं ऊन आणि माझं काम एकाच वेळी डोक्यावर येतं. ह्यांची अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर पाळी असते. रात्रपाळी असली की दिवसा झोप हवी. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या. थोरली ११ वर्षांची, धाकटा ७ वर्षांचा. एप्रिल संपता संपता नणंदेचा मुलगा पुण्याहून येईल, तो १० वर्षांचा.

गेल्या मे महिन्यात धाकट्याची पाठ घामोळ्यांनी भरून गेली होती. सासूबाई अर्धी रात्र पदरानं वारा घालत बसायच्या, आणि मी यंत्रावरून मुलांवर ओरडत राहायचे. यंदा तसं होऊ द्यायचं नाही. एसी घ्यायचा नाही हे आम्ही बसून ठरवलं: दीड टनाचा एसी पूर्ण चालला की तासाला दीड युनिटाच्या आसपास वीज खातो, आणि आम्ही राहतो दोन खोल्यांत. एक खोली गार करून सहा माणसं तिच्यात कोंडायची, तर शिवण कुठं आणि झोप कुठं? त्यामुळे जे हातानं करता येईल ते करायचं.

१६ मार्च

आठवडाभर फक्त मोजलं. भिंतीवरचे दोन साधे तापमापक आणले, दोन्ही खोल्यांत डोक्याच्या उंचीवर टांगले. थोरलीनं सकाळी ७, दुपारी १, ३, संध्याकाळी ७ आणि रात्री १० असे आकडे लिहिले. सध्या तिची सकाळची शाळा, त्यामुळे दुपारचे आकडे तिचे, सकाळचे माझे.

आठ दिवसांत जे दिसलं ते इतक्या वर्षांत कधी नीट लक्षात आलं नव्हतं. पत्र्याची खोली १ ते ३ भट्टी असते, पण सूर्य मावळला की तासाभरात उतरते. स्लॅबची खोली उलटी: दुपारी एकला ती घरातली सगळ्यात बरी जागा, आणि संध्याकाळी ७ ला सगळ्यात वाईट. काँक्रीट जाड, ते दिवसभर ऊन पीत राहतं आणि तीन-चार तास उशिरानं खाली सोडतं. आम्ही मात्र दुपारी पत्र्याखाली शिवत होतो आणि रात्री स्लॅबखाली झोपत होतो. दोन्ही वेळा चुकीच्या खोलीत.

सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "आमच्या माहेरी धाब्याचं घर होतं, वर हातभर पांढरी माती. दुपारी आत, रात्री वर. असं मोजायची वेळच यायची नाही."

२३ मार्च

स्लॅबला चुना लावला. सगळ्यात आधी हेच करायचं होतं, कारण याला रोज पाणी लागत नाही, वीज लागत नाही.

कृती लिहून ठेवते, पुढच्या वर्षी उपयोगी पडेल. चुनकळी आदल्या रात्री पिंपात भिजवली. पाणी घातलं की ती उकळते, वाफ येते, शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. म्हणून मुलांना खालीच थांबवलं आणि ह्यांनी चष्मा लावून ते काम केलं. सकाळी गाळ कापडातून गाळला, दुधासारखं पातळ ठेवलं, त्यात फेविकॉल मिसळलं म्हणजे पावडर होऊन पायाला लागत नाही. गच्ची दोनदा झाडली, एकदा पुसली. जिथे धूळ राहिली तिथे चुना पापुद्र्यासारखा सुटतो, ते गेल्या वर्षी शेजारच्या गच्चीवर पाहिलं होतं. पहिला हात उभा, वाळल्यावर दुसरा आडवा, मग तिसरा. सगळे हात उन्हं कलल्यावर किंवा अगदी सकाळी. भर उन्हात लावला की पकडायच्या आधीच वाळून सुटतो.

पत्र्यावरही दोन हात मारले.

२९ मार्च

आकडे आले. चुन्याआधी संध्याकाळी ७ वाजता स्लॅबला आतून चिकटवलेला वेगळा तापमापक ४२ दाखवत होता, खोली ३७. काल बाहेरचं ऊन जवळपास तितकंच असताना स्लॅब ३७, खोली ३४. तीन अंश! थोरलीनं त्या आकड्याभोवती लाल पेन्सिलीनं चौकट काढली. अनवाणी गच्चीवर उभं राहता येतं, हा धाकट्याचा पुरावा.

२ एप्रिल

पत्र्यावर बांबूच्या तट्ट्या टाकल्या, खाली विटांचे तुकडे ठेवून चार बोटं फट राखली. फट महत्त्वाची, तट्टी पत्र्याला चिकटली की तिचा ताप थेट खाली उतरतो, मध्ये हवा खेळली तर ती घेऊन जाते. तारेनं घट्ट बांधल्या. कडबा टाकायचा विचार होता, पूर्वी सर्रास टाकायचे, पण वस्तीत ठिणगीची भीती, म्हणून नाही.

८ एप्रिल

काल चूक झाली, आणि ती मीच केली. संध्याकाळी पाचला पत्र्याची खोली असह्य झाली होती, शिवण अर्धवट, तर मी पाइप घेऊन गच्चीवर गेले आणि टाकीतलं पाणी स्लॅबवर, पत्र्यावर मारत राहिले. अर्धा तास बरं वाटलं. मग खालून दमट वाफ, आणि रात्री १० वाजता स्लॅबचा आकडा आदल्या रात्रीपेक्षा एका अंशानं कमी, बस्स.

आज सकाळी टाकी तळाला गेली. नळाला पाणी यायला अजून दोन दिवस होते. उजनीचं पाणी शंभरावर किलोमीटर लांबून येतं, आणि आमच्या भागात ते काही दिवसांआड मिळतं, हे जन्मापासून माहीत असलेली मी. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त आंघोळीची बादली निम्मी केली. त्यांच्या न बोलण्यानं जास्त लागलं.

आता नियम: पाणी उडवायचं तर ते जिथे माणूस बसलाय तिथे, आणि वाऱ्यासमोर. छपरावर नाही.

थोरलीनं विज्ञानाच्या पुस्तकातला बाष्पनाचा धडा उघडला. ह्यांनी तिच्याबरोबर बसून हिशेब केला: एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना साधारण दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जातं. म्हणजे एका बादलीत, १५ लिटर धरले, तर दहा युनिटांचा गारवा आहे. तो गच्चीवर सांडला की आभाळाला मिळतो. खिडकीत टांगला की आपल्याला.

१३ एप्रिल

गच्चीवर शेडनेट बांधायचं होतं आणि त्यावरून घरात दोन दिवस शांतता नव्हती. "सगळं ऊन झाकलंस तर माझ्या कुरडया कुठं वाळायच्या गं?" हा सासूबाईंचा प्रश्न, आणि तो बरोबर होता. वाळवणाशिवाय उन्हाळा हा त्यांच्या हिशेबात उन्हाळाच नव्हे. गहू तीन दिवस भिजत पडले होते, रोज पाणी बदलून, आणि आज पहाटे चीक शिजला.

तोडगा त्यांनीच काढला. नेट स्लॅबच्या पश्चिमेकडच्या अर्ध्या भागावर, माणूसभर उंच. पूर्वेचा अर्धा भाग वाळवणाला मोकळा. वाळवण पसरलेलं असेल तोवर खालची साडी स्लॅबलाही सावली देतेच. मुलं नेटखाली बसून कावळे हाकतात, सकाळी साडेसहा ते साडेआठ. आज दोघांनी वाटीवाटी गव्हाचा चीक तूप-साखर घालून खाल्ला आणि सोऱ्या दाबायला भांडले. धाकट्याची कुरडई वाटोळी होत नाही, साप होते. सासूबाईंनी ते सापही जपून वाळत घातलेत.

वाळवण हे काम आहे की खेळ, हे मुलांना विचारावंसं वाटत नाही. दोन तास त्यांनी मोबाइल मागितला नाही, एवढं लिहिते.

२६ एप्रिल

भाचा आला. बॅट घेऊन आला. आमच्या दोघांच्याही परीक्षा संपल्या. पारा ४२.

वेळापत्रक भिंतीला लावलं, खोल्यांच्या स्वभावावरून ठरवलेलं. पहाटे ५ ते ८ बाहेर. ८ ते ११ पत्र्याच्या खोलीत, माझ्याबरोबर. ११ ते ५ स्लॅबच्या खोलीत; एक यंत्र मी तिकडे हलवलं. पाचनंतर दोन्ही खोल्यांच्या खिडक्या उघडायच्या आणि बाहेर पडायचं, कारण तेव्हा स्लॅब ताप सोडतो. रात्री गच्ची.

खिडक्यांचं मात्र सांगून सांगून तोंड दुखतं. सकाळी ८ ला बंद, पडदा खाली. संध्याकाळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की सताड उघड्या. "वारा येऊ दे" म्हणून दुपारी दोनला खिडकी उघडणं म्हणजे लू आत बोलावणं. शेजारणीही ऐकत नाहीत.

२९ एप्रिल

आज घाबरले.

दुपारी साडेबाराला मी बाह्या जोडत होते. भाचा कधी सटकला कळलं नाही. गल्लीतली पोरं मोकळ्या मैदानात खेळत होती, तो तासभर तिथे. परत आला तेव्हा चेहरा लालभडक, डोकं धरून बसला, उलटी झाली, पोटऱ्यांत गोळे आले. "मामी, भिंत हलतेय" म्हणाला.

स्लॅबच्या खोलीत जमिनीवर निजवलं, बूट-मोजे काढले, पाय उशीवर उंच. मानेला, काखेत, जांघेत ओले टॉवेल, वरून पंखा. सासूबाईंनी कांदा आणला, तो त्यांच्या समाधानासाठी उशाशी ठेवला. साखर-मिठाचं पाणी घोट घोट दिलं: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट ६ चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. घाम येत होता, प्रश्नांना नीट उत्तरं देत होता, हे चांगलं लक्षण. तरी गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरांकडे नेलंच. त्यांनी तपासलं, घरी पाठवलं आणि मला बसवून समजावलं: अंग तापून कोरडं पडलं, मूल असंबद्ध बोलायला लागलं, शुद्ध हरपायला लागली, तर तो उष्माघात. मग घरचे उपाय करत बसायचं नाही, १०८ ला फोन, आणि गाडी येईतो अंग ओलं करत राहायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

पंख्याबद्दलही त्यांनी सांगितलं. हवा ४० च्या वर गेली की नुसता पंखा अंगावर गरम हवा मारतो. अंग ओलं असेल तरच त्याचा उपयोग.

संध्याकाळी नणंदेला फोन केला. आधी रडू आलं, मग सांगता आलं. ती म्हणाली, "वहिनी, तो इथंही ऐकत नाही." तिनं समजून घेतलं. पण लेकरू माझ्या जबाबदारीवर आलंय.

३० एप्रिल

रात्रभर विचार केला. वेळापत्रकात मी ११ ते ५ 'स्लॅबची खोली' असं लिहिलं होतं, पण तिथे करायचं काय ते लिहिलं नव्हतं. सहा तास! कंटाळलेलं मूल उन्हात जाणारच. चुना, तट्ट्या, नेट सगळं असून मुलाला आत थांबायला कारण नसेल तर त्या गारव्याचा काय उपयोग? म्हणजे दुपार भरणं हे वेगळं काम नव्हतंच. गारव्याचंच काम होतं, आणि तेच मी सोडून दिलं होतं.

शेजारच्या अव्वांकडे गेले. त्या पद्मशाली, घरात तेलुगू, माझ्याशी सोलापुरी मराठी. त्यांच्या कपाटावर एक लाकडी पाट आहे, सात-सात खळग्यांच्या दोन ओळी. वामनगुंतलु. मी लहानपणी वाड्यात पाहिला होता, खेळले नव्हते. "दुपारी येते की मी, तुमच्या घरी गार असतंय," अव्वा म्हणाल्या.

एक वाजता आल्या, पाट आणि चिंचोक्यांचा डबा घेऊन. प्रत्येक खळग्यात पाच चिंचोके. एक खळगा उचलायचा, पुढे एकेक पेरत जायचं, हातातले संपले की पुढच्या खळग्यातले उचलायचे, आणि पुढचा रिकामा लागला की त्यापलीकडचे आपले. नियम दोन मिनिटांत कळले आणि डाव तीन तास चालला. अव्वा मोजत नाहीत. नुसती नजर टाकतात आणि उचलतात. भाचा बुद्धिबळ शिकलेला, तो हट्टाला पेटला, पाच वेळा हरला. साडेचारला मी यंत्र थांबवून पाहिलं तर बॅट दाराआड तशीच.

२ मे

दुपारचे खेळ ठरले: वामनगुंतलु, सागरगोटे, पत्त्यांत पाच-तीन-दोन आणि मेंढीकोट. सासूबाईंनी फरशीवर खडूनं चौकटी आखून कवड्यांचा खेळ मांडला. गणवेशाच्या कापडाचे तुकडे उरतात, त्यांची थोरली गोधडी जोडतेय, निळ्या-खाकी चौकोनांची. हातानं टाके घालते, यंत्राला हात लावू देत नाही म्हणून थोडी रागावली होती, आता रमलीय.

४ मे

कूलरची नोंद, सविस्तर.

जुना लोखंडी कूलर माळ्यावरून काढला. गवताचे पॅड दगडासारखे झाले होते, बोअरच्या पाण्याचे क्षार. नवे घातले. दोन वर्षांपूर्वी दुकानदारानं सांगितलं होतं, दारं-खिडक्या बंद करून चालवा. तसंच करत होतो आणि तासाभरात खोली चिकचिकीत व्हायची. आता समजलं: कूलर बाहेरची कोरडी हवा ओली करून आत ढकलतो, ती ओली हवा बाहेर जायला वाट हवी. म्हणून कूलर पूर्वेच्या खिडकीत, बाहेरून वारा घेणारा, आणि समोरची पश्चिमेची खिडकी वीतभर उघडी. फरक लगेच कळतो.

त्या उघड्या वितीतून ऊन येऊ नये म्हणून टॉवेल. इथेच सोलापूरकर असल्याचा फायदा! किरकोळ दोष असलेले टर्किश टॉवेल स्वस्तात मिळाले. जाड फासांचा टॉवेल साध्या कापडापेक्षा कितीतरी पाणी धरतो. मुलांनी किचनच्या काट्यावर वजन केलं: कोरडा ४१० ग्रॅम, भिजवून पिळून ९८० ग्रॅम. खिडकीत टांगला, दोन तासांनी ५६० ग्रॅम. म्हणजे अर्धा लिटरसुद्धा पाणी लागलं नाही.

मग थोरलीचा प्रयोग. दोन तापमापक शेजारी, एकाच्या बुडाला ओली चिंधी. कोरडा ४१, ओला २२. एकोणीस अंशांचा फरक! हवा जितकी कोरडी तितका हा फरक मोठा, आणि कूलर खोलीला जास्तीत जास्त त्या ओल्या आकड्याकडे नेऊ शकतो, त्याच्या खाली नाही. आज खोली ३० वर आली. मुंबईत कूलर का चालत नाही, हे भाच्यानं स्वतःहून सांगितलं.

पाण्याचं बंधन: कूलर फक्त १ ते ४, रोज दोन बादल्या. दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करायची, डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटतात. ते काढलेलं पाणी संडासात.

६ मे

घरातला ताप नुसता वरून येत नाही, आपणही पेटवतो. इस्त्री पहाटे पाचला, सगळे गठ्ठे एकदम. स्वयंपाक साडेसातच्या आत. आठवड्यातून दोनदा सासूबाई आणि मी कडक भाकरी करून ठेवतो, दुरडीत रचून. दुपारी गॅस पेटतच नाही: कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, कांदा, कधी ज्वारीची ताकातली आंबील. बाकी कैरी उकडून पन्ह्याचा गर बरणीत. माठ वाळूवर, भोवती ओलं पोतं, आत वाळ्याची पुरचुंडी. फ्रिजच्या पाण्याला मुलं आपोआप जात नाहीत, कारण वाळ्याचा वास.

८ मे

पहाटे सगळे चालत सिद्धेश्वर तलावाला. साडेपाचला तिथे पाण्यावरून येणारा वारा अंगाला लागतो, भुईकोटाची तटबंदी अजून गार असते. साडेसातला परतलो. वाटेत डॉ. कोटणीसांचं स्मारक लागतं. संध्याकाळी मुलांना आत नेऊन आणलं. १९१० साली याच गावात जन्मलेला माणूस १९३८ ला युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेला आणि १९४२ ला तिथेच वारला. धाकटा विचारत होता, "तिथं थंडी होती का?" होती, म्हटलं, खूप.

११ मे

आजचा दिवस मुलं विसरणार नाहीत.

सोलापुरात १० आणि ११ मेच्या आसपास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. घड्याळात १२ वाजता नव्हे, आपल्याकडे साधारण १२ वाजून २३ मिनिटांनी. पांढऱ्या गच्चीवर मी दोऱ्याची रिकामी रिळं उभी मांडली, मोठी, लहान, आणि एक स्टीलचा पेला. फक्त दहा मिनिटं वर जायचं, डोक्याला ओला टॉवेल, वर बघायचं नाही. १२:१५ ला प्रत्येक रिळाला दोऱ्याएवढी बारीक सावली होती. मग ती आखडत गेली. १२:२२. १२:२३. पेला नुसता पेला. सावली बुडाखाली शिरली. धाकटा स्वतःभोवती फिरून आपली सावली शोधत होता, ती पायाखाली होती. अव्वाही जिना चढून आल्या होत्या. एवढ्या वयात हे पाहिलं नव्हतं म्हणाल्या.

खाली आल्यावर थोरलीनंच बोलून दाखवलं: सूर्य डोक्यावर म्हणजे दुपारी भिंतींना ऊन लागतच नाही, सगळं छपराला. म्हणून आधी छप्पर पांढरं केलं का? हो गं, म्हटलं. मला मार्चमध्ये हे इतकं नीट सांगता आलं नसतं. आणि आता पुढे सूर्य दुपारी किंचित उत्तरेकडून जाईल, ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा डोक्यावर येईल; तोवर आपली उत्तरेची खिडकीसुद्धा झाकायला हवी, हे तिनं स्वतः काढलं.

भाच्यानं आईला फोन करून बजावलं: पुण्यात अजून दोन-तीन दिवस आहेत, तूही पेला उभा करून बघ.

१४ मे

रात्री गच्चीवर सहा अंथरुणं, मच्छरदाण्या नेटच्या खांबांना बांधलेल्या. चुना लावलेली गच्ची ९ लाच निवते. सप्तर्षीच्या शेपटीची कमान पुढे ओढली की स्वाती, तशीच आणखी पुढे नेली की चित्रा; सासूबाईंना ही नावं पाठ. पहाटे चारला गारवा सुटतो आणि सोलापुरी चादर अंगावर ओढावी लागते. भाच्याच्या आईनं फोनवर मोठ्यानं विचारलं, "मे महिन्यात चादर?"

नणंदेनं काल पेला उभा केला होता. सावली गेली म्हणे.

१९ मे

वळवाचा पाऊस, आधी वावटळ. नेट एका बाजूनं टरकलं, दोन तट्ट्या शेजारच्या अंगणात. कुणाला लागलं नाही. गारा वेचायला तिघंही गच्चीवर. आज अडवलं नाही.

२१ मे

पावसानंतर ऊन परत, पण वेगळं. कोरडा तापमापक ३८, ओला २६. फरक १२ वर आला. कूलर लावला की घाम वाळतच नाही. थोरलीच्या वहीत हा आकडा नसता तर कूलर बिघडला समजून दुरुस्तीला नेला असता. आता पंप बंद, नुसता पंखा, दोन्ही खिडक्या उघड्या, ओले टॉवेल काढून टाकले. घामोळ्यांसाठी सुती बनियन आणि दोनदा आंघोळ, थोड्या पाण्यात. धाकट्याची पाठ यंदा स्वच्छ आहे. ही ओळ मी दोनदा वाचली.

नेट शिवलं, जाड सुई, नायलॉनचा दोरा.

२८ मे

रोहिणी लागून तीन दिवस. गणवेशांचा पहिला मोठा गठ्ठा वेळेवर गेला. भाचा अव्वांना पहिल्यांदा हरवून आला. अव्वांनी त्याला पाट परत मांडायला लावला.

८ जून

मृग काल लागला. भाचा आज सकाळच्या गाडीनं पुण्याला गेला. थोरलीची गोधडी एवढी झालीय की धाकटा तिच्यात पुरा मावतो, कडेची पट्टी बाकी आहे. ती मी यंत्रावर घालून देते म्हटलं तर नको म्हणाली.

नेट, तट्ट्या उतरवल्या. कूलर धुऊन, वाळवून, प्लास्टिकमध्ये बांधून माळ्यावर. स्लॅबवरचा चुना कडेनं धुतला गेलाय, मध्ये टिकून आहे. पुढच्या वर्षी फेविकॉल थोडं जास्त. पहिल्या पावसात गच्चीवर धाकट्याच्या कुरडईचा एक साप सापडला, फुगलेला.

संध्याकाळी अव्वांचा पाट परत करायचा म्हणून चिंचोके मोजून डब्यात भरले. ६९ भरले. सत्तरावा धाकटा अजून शिवणयंत्राखाली शोधतोय.